पोट उघडल्याशिवाय औषध नको

पावसाळ्यात ब्रॉयलरच्या शेडवर एक प्रसंग ठरलेला असतो. पक्षी बावीस-चोवीस दिवसांचे झालेले असतात. सकाळी शेडमध्ये शिरलं की गादी पायाला चिकटते, ठिकठिकाणी विष्ठा पातळ दिसते, खाद्य कालच्यापेक्षा कमी उठलेलं असतं. मर फारशी नसते. पोल्ट्रीवाला औषधाच्या दुकानात फोन लावतो, ‘पक्ष्यांना जुलाब लागलेत’ म्हणून सांगतो आणि तासाभरात एक अँटिबायोटिक, एक रक्ती हगवणीचं औषध, एक लिव्हर टॉनिक आणि वर व्हिटॅमिनची बाटली घेऊन येतो. चारही एकाच टाकीत पडतात. विष्ठा सुधारली तर श्रेय औषधाला, नाही सुधारली तर दुसरं औषध. या सगळ्या धावपळीत एकाही पक्ष्याचं आतडं कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

ब्रॉयलरच्या पोटाच्या तक्रारीत मर कमी आणि नुकसान जास्त, हीच खरी अडचण आहे. मेलेला पक्षी दिसतो, मोजता येतो. आतडं नीट काम करत नसलेला पक्षी मात्र खात राहतो, फिरत राहतो, फक्त खाल्लेलं अंगी लागत नाही. साधा हिशोब करून पाहा. ५,००० पक्षी सरासरी २.२ किलोला विकले तर एकूण वजन ११,००० किलो. एक किलो वजनासाठी १.६ किलो खाद्य लागण्याऐवजी १.७ किलो लागलं, म्हणजे एफसीआर फक्त ०.१ ने बिघडला, तरी ११०० किलो खाद्य जादा गेलं. पन्नास किलोच्या २२ बॅगा. किलोला ४० रुपये धरले तर ४४,००० रुपये. करारावर पक्षी वाढवणाऱ्याच्या हाती लॉटमागे जे पडतं, त्यातून एवढी रक्कम गेली तर उरतं काय, ते त्यालाच विचारावं.

रोग ओळखायचा तर आधी नीरोगी काय दिसतं ते डोळ्यांना माहीत हवं. कोंबडीची साधी विष्ठा घट्ट, तपकिरी-करडी, आकार धरून राहणारी असते आणि तिच्यावर पांढरी टोपी असते. ती टोपी म्हणजे लघवीतलं युरिक आम्ल, कारण पक्ष्यात मूत्र आणि मल एकाच वाटेनं बाहेर पडतात. याशिवाय दिवसातून काही वेळा कोंबडी अगदी वेगळी विष्ठा टाकते: चॉकलेटी, चिकट, थोडी फेसाळ, वासाला उग्र. आतड्याच्या शेवटाकडे सिकम नावाच्या दोन बंद पिशव्या असतात, त्यांतून ती येते. ती नीरोगीच असते. या सिकमच्या विष्ठेला जुलाब समजून औषध सोडणारे कितीतरी पोल्ट्रीवाले आहेत. उलट, विष्ठेत मक्याचे पिवळे कण आणि सोयाबीन पेंडीचे तुकडे न पचता पडलेले दिसले, विष्ठेभोवती पाण्याचं कडं पसरलं, किंवा नारिंगी शेंबडासारखा पदार्थ दिसला, तर ते गंभीरपणे घ्यायचं. हिरवी विष्ठा दिसली की अनेकांना लगेच राणीखेत आठवतो. तो असू शकतो, पण पक्षी काही कारणानं उपाशी राहिला तरी नुसत्या पित्तामुळे विष्ठा हिरवी होते.

पोटाच्या तक्रारीचं कारण पुष्कळदा पोटात नसतंच, ते पाण्याच्या लाइनमध्ये किंवा खाद्याच्या गोणीत असतं. म्हणून पक्षी कापण्याआधी शेड वाचावी. थंड-मध्यम हवेत ब्रॉयलर खाद्याच्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी पितो, उन्हाळ्यात त्याहून बरंच जास्त. शेडला पाण्याचं मीटर असेल तर रोजचा आकडा लिहून ठेवावा. त्याच्याइतकं स्वस्त निदानयंत्र दुसरं नाही. खाद्य तेवढंच आणि पाणी एकदम वाढलं, तर संशय उष्णतेवर, मिठावर किंवा गळणाऱ्या निपलवर घ्यायचा. खाद्य आणि पाणी दोन्ही खाली आले, तर बहुतेकदा रोगावर.

मिठाचं प्रकरण आपल्याकडे विशेष आहे. अकोला, अमरावती, बुलडाणा या जिल्ह्यांतल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. तिथल्या बोअरच्या पाण्यातच क्षार जास्त. त्यावर खाद्यातलं मीठ, उन्हाळ्यात वरून दिलेला खाण्याचा सोडा आणि इलेक्ट्रोलाइट पावडर अशी भर पडली की पक्षी पाणी पीत सुटतो आणि गादी ओली होते. याला जगातलं कुठलंही अँटिबायोटिक लागू पडणार नाही. पाणी तपासून घ्यायचं आणि खाद्यातलं मीठ त्या प्रमाणात कमी करायचं, एवढाच इलाज.

सोयाबीनचंही तसंच. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचवणाऱ्या ट्रिप्सिनला अडवणारे घटक असतात. पेंड करताना उष्णता पुरेशी मिळाली तर ते निकामी होतात, कमी पडली तर तसेच राहतात. मग प्रथिनं न पचता पुढे सरकतात, स्वादुपिंड जास्त काम करून सुजतं आणि न पचलेल्या प्रथिनांवर आतड्याच्या खालच्या भागातले नको ते जिवाणू पोसले जातात. पेंड कच्ची आहे का, हे युरियेज चाचणीनं काही मिनिटांत कळतं: युरिया आणि फिनॉल रेडच्या द्रावणात पेंड भिजवली की कच्चे कण लाल होतात. महाराष्ट्रात सोयाबीन मुबलक पिकतं, त्यामुळे स्वतःचं खाद्य बनवणारे लोक गावातल्या गिरणीची पेंड किंवा भाजलेलं सोयाबीन वापरायला जातात. त्यांनी ही चाचणी न करता गोणी फोडू नये. मका पावसात भिजलेला असेल तर बुरशीच्या विषांचा हिशोब वेगळा. अफ्लाटॉक्सिन यकृत बिघडवतं, प्रतिकारशक्ती पाडतं आणि मग आतड्याचा साधा त्रासही आटोक्यात येत नाही.

एवढं पाहून झालं की पक्षी उघडायचा. इथे एक सावधगिरी आधी. अचानक मोठ्या प्रमाणावर मर झाली, तुरे निळे पडले, डोकी सुजली, तर कुणीही पक्षी कापू नये. आधी पशुसंवर्धन विभागाला कळवावं. २००६ साली भारतातला पहिला बर्ड फ्लू नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला निघाला, तेव्हापासून हा नियम महाराष्ट्राला तरी शिकवायची गरज असू नये.

एरवी आतड्याच्या रोगात सकाळी शेडमध्ये मेलेला पडलेला पक्षी जवळजवळ निरुपयोगी असतो. कोंबडीच्या अंगाचं तापमान ४१ अंशांच्या आसपास, आतडं जिवाणूंनी भरलेलं. प्राण गेल्यावर सर्वांत आधी तेच कुजायला लागतं. आपल्या उन्हात तास-दोन तासांत आतड्याचा रंग हिरवट-काळा होतो, भिंत विरघळते आणि पाहणाऱ्याला नसलेला रोग दिसतो. म्हणून डॉक्टर जिवंत पक्षी निवडतात, पाच-सहा तरी. काही उघडच मलूल, पिसं फुलवून बसलेले, आणि काही वरून ठणठणीत. नुसते आजारी पाहिले तर रोग कळतो, पण तो शेडभर किती पसरलाय ते कळत नाही. नीरोगी दिसणाऱ्यांतही खुणा सापडल्या तर अख्खा लॉट आतून पोखरला जातोय.

आतडं कात्रीनं लांबीभर उघडावं लागतं. मधूनच एक तुकडा कापून बघण्यात अर्थ नाही. वरून सुरुवात करायची. गळ्याखालची अन्नपिशवी भरलेली आहे का? पोटा मोठा, घट्ट, लालभडक स्नायूचा आहे की लहान आणि मऊ? फार बारीक दळलेल्या खाद्यावर वाढलेल्या पक्ष्याचा पोटा आळशी होतो, कारण त्याला दळायला कामच उरत नाही. मग पहिला वळसा, म्हणजे स्वादुपिंडाला कवेत घेणारं ड्युओडेनम. मग मधलं आतडं. त्यावर एक छोटासा उंचवटा दिसतो, अंड्यातला बलक जिथून आतड्याला जोडलेला होता तिथली खूण. तिच्या वरचं-खालचं आतडं पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. शेवटी सिकमच्या दोन पिशव्या. जाता जाता शेपटीजवळची बर्सा ग्रंथीही पाहावी. ती सुजलेली किंवा रक्ताळलेली असेल तर गंबोरोचा विचार करायचा, कारण गंबोरोनं प्रतिकारशक्ती पाडलेल्या लॉटमध्ये रक्ती हगवण औषधाला दाद देत नाही.

रक्ती हगवण म्हणजे कॉक्सिडिओसिस. ती करणारा आयमेरिया हा एकपेशीय जीव, आणि कोंबडीत त्याच्या सात जाती परंपरेनं मानल्या जातात. प्रत्येक जातीनं आतड्यातली आपली जागा वाटून घेतली आहे. अ‍ॅसर्व्हुलिना ड्युओडेनममध्ये, तिथे शिडीच्या पायऱ्यांसारख्या पांढऱ्या आडव्या रेषा उमटतात. मॅक्सिमा मधल्या आतड्यात, त्या बलकाच्या खुणेच्या आजूबाजूला. आतडं फुगतं, आत नारिंगी शेंबूड, बाहेरून बारीक लाल ठिपके. टेनेला सिकममध्ये, पिशव्या रक्तानं भरतात, पुढे त्यांत घट्ट गाठी होतात. टेनेलाचं रक्त विष्ठेत दिसतं म्हणून शेतकरी घाबरतो. पण मॅक्सिमा आणि अ‍ॅसर्व्हुलिना रक्ताचा फारसा देखावा न करता एफसीआर खातात, म्हणून माझ्या मते जास्त घातक त्याच. अमेरिकेतल्या जॉन्सन आणि रीड यांनी १९७० साली या खुणांना शून्य ते चार असे गुण द्यायची पद्धत मांडली, आजही जगभर तीच चालते. मॅक्सिमा मात्र नुसत्या डोळ्यांना फसवते. आतड्याची आतली बाजू खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की तिची मोठी अंडकोशं दिसतात. हे काम दहा मिनिटांचं आहे, आणि तालुक्याच्या ठिकाणी बसणाऱ्या डॉक्टरनं सूक्ष्मदर्शक न वापरण्याला सबब नाही.

आयमेरियानं भिंतीला भोकं पाडली की दुसरा येतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स हा जिवाणू नीरोगी कोंबडीच्या आतड्यातही थोडाफार असतोच. भिंतीतून प्रथिनं झिरपली, शेंबूड वाढला की त्याला मेजवानी मिळते, तो झपाट्यानं वाढतो आणि विष सोडतो. याला नेक्रोटिक एंटरायटिस म्हणतात. १९६१ साली इंग्लंडमध्ये पॅरिश यांनी त्याचं पहिलं वर्णन केलं. अनेक वर्षं अल्फा नावाच्या विषाला दोषी धरलं जात होतं. २००८ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी नेटबी हे वेगळंच विष शोधून काढलं. शेडमध्ये हा रोग ओळखायला अवघड नाही. आतडं वायूनं फुगलेलं, भिंत पातळ आणि ठिसूळ, उघडल्यावर घाण वास आणि आतल्या बाजूला पिवळट-तपकिरी जाड थर, खरखरीत टॉवेलसारखा. तीन ते पाच आठवड्यांच्या पक्ष्यांत तो जास्त दिसतो. मासळीची कुटी किंवा मांस-हाडांचं पीठ खाद्यात जास्त पडलं, खाद्य अचानक बदललं, की त्याला निमित्त मिळतं.

आणि तिसरा प्रकार असा की आतड्यात ठोस काहीच सापडत नाही. आत पातळ, फेसाळ पाणी, न पचलेलं खाद्य, भिंत जरा सैल. इथे दोषी एक जंतू नसतो. आतड्यातल्या जिवाणूंची घडीच विस्कटलेली असते. बाकीची कारणं एकेक करून बाद केल्यावरच हे निदान करता येतं. जंताचं औषध मात्र ब्रॉयलरला देण्यात बहुधा पैसे वाया जातात. मोठ्या गोल जंताला अंड्यापासून वाढून पुन्हा अंडी घालायला पाच आठवडे किंवा त्याहून जास्त लागतात. तोवर पक्षी बाजारात गेलेला असतो.

आता उपचार. रक्ती हगवण सापडली तर अ‍ॅम्प्रोलियम किंवा टोल्ट्राझुरिल, नेक्रोटिक एंटरायटिस असेल तर क्लॉस्ट्रिडियमवर चालणारं अँटिबायोटिक, तेही डॉक्टरांच्या चिठ्ठीनं. डोस इथे मुद्दाम देत नाही. तो पक्ष्यांच्या वजनावर आणि त्या दिवशीच्या पाण्यावर ठरतो, आणि आजारी पक्षी पाणी कमी पितो हे त्यात धरावं लागतं. दोन गोष्टी मात्र प्रत्येक पोल्ट्रीवाल्यानं भिंतीवर लिहून ठेवाव्यात. एक, अ‍ॅम्प्रोलियम हे व्हिटॅमिन बी-१ ची नक्कल करून आयमेरियाला उपाशी मारतं. त्याच टाकीत ताकदीसाठी बी-कॉम्प्लेक्स ओतलं तर आपणच आयमेरियाला जेवायला घालतो आणि औषध वाया घालवतो. टॉनिक द्यायचंच असेल तर औषधाचा कोर्स संपल्यावर. दोन, बहुतेक तयार खाद्यात सॅलिनोमायसिन, मोनेन्सिन किंवा मदुरामायसिन यांसारखं रक्ती हगवण रोखणारं औषध आधीच मिसळलेलं असतं. मधेच श्वासाच्या त्रासासाठी टियाम्युलिन दिलं तर सॅलिनोमायसिन आणि मोनेन्सिनचं शरीरातून बाहेर जाणं अडतं आणि पक्षी लुळे पडून मरतात. म्हणून खाद्याच्या गोणीवरचं लेबल वाचल्याशिवाय श्वासाचं औषध घेऊ नये. हीच औषधं घोड्याला जीवघेणी आहेत, तेव्हा लॉट गेल्यावर उरलेलं खाद्य कुणाच्या घोड्यासमोर टाकू नये.

सरसकट अँटिबायोटिक देण्याची सवय कुठून आली, हेही पाहिलं पाहिजे. १९४०च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत थॉमस ज्यूक्स आणि रॉबर्ट स्टोकस्टॅड यांना दिसलं की क्लोरटेट्रासायक्लिन बनवल्यावर उरलेला चोथा खाणारी पिल्लं जास्त झपाट्यानं वाढतात. त्यानंतर अर्धं शतक अँटिबायोटिकचा थोडा-थोडा डोस खाद्यातून रोज देणं हा जगभरच्या कुक्कुटपालनाचा पाया झाला. मग प्रतिकारक जिवाणूंनी तो पाया हादरवला. डेन्मार्कच्या ब्रॉयलर उत्पादकांनी १९९८ साली आपणहून हे थांबवलं. युरोपीय संघात १ जानेवारी २००६ पासून वाढीसाठी अँटिबायोटिक वापरायला बंदी आली. पण तिथेही रक्ती हगवण रोखणारी सॅलिनोमायसिनच्या घराण्यातली औषधं खाद्यात चालू राहिली, आणि ती क्लॉस्ट्रिडियमलाही थोडाफार आवर घालतात, हे युरोपचं उदाहरण देणारे सांगत नाहीत. २०१५ साली चीनमध्ये कोलिस्टिनला न जुमानणारा, जिवाणूंत एकमेकांकडे सहज पोहोचणारा एमसीआर-१ हा जनुक सापडला. माणसाच्या शेवटच्या इलाजासाठी राखून ठेवलेलं हे औषध आपल्याकडे कोंबड्यांच्या जुलाबाला सर्रास वापरलं जात होतं. जुलै २०१९ मध्ये भारत सरकारनं अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत, कुक्कुटपालनात आणि मत्स्यपालनात कोलिस्टिन वापरायला बंदी केली. जुना साठा म्हणून कुणी बाटली पुढे केली तर ती परत करावी.

या गोष्टीची दुसरी बाजू फिनलंडमधून आली, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या ब्रॉयलरमध्ये साल्मोनेला पसरला. एस्को नुर्मी आणि रांताला यांनी १९७३ साली दाखवून दिलं की प्रौढ कोंबड्याच्या आतड्यातले जिवाणू नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाला पाजले तर साल्मोनेला त्याच्यात घर करू शकत नाही. अंगणातलं पिल्लू आईच्या विष्ठेतून हे जिवाणू आपोआप घेतं. हॅचरीतल्या पिल्लाला आईच नसते. ते निर्जंतुक केलेल्या ट्रेमध्ये जन्मतं, खोक्यातून शेकडो किलोमीटर येतं आणि त्याच्या आतड्यात पहिला कोण बसणार हे आपली गादी, आपलं पाणी आणि पहिल्या दिवसाचं खाद्य ठरवतं. आज बाजारात मिळणाऱ्या प्रोबायोटिक्सचा उगम या विचारात आहे. ती रोग बरा करत नाहीत; चांगल्या जिवाणूंना पहिली जागा मिळवून देतात. म्हणून ती पहिल्या आठवड्यात द्यायची असतात, चोविसाव्या दिवशी जुलाब लागल्यावर नव्हे.

पहिल्या चोवीस तासांनी रात्री पन्नासेक पिल्लांच्या गळ्याखाली बोट लावून पाहा. शंभरात पंचाण्णव पिल्लांची अन्नपिशवी भरलेली आणि मऊ लागली पाहिजे. कडक लागली तर पिल्लानं खाद्य खाल्लंय पण पाणी मिळालेलं नाही. नुसती पाण्यानं फुगलेली लागली तर खाद्य सापडलेलं नाही. हा पहिला दिवस चुकला की पुढचे पस्तीस दिवस औषधं घालून भरून निघत नाही.

गादीबद्दलही सांगायला हवं, कारण आयमेरियाचा खरा मुक्काम तिथेच. विष्ठेतून पडलेली त्याची अंडकोशं लगेच रोग पसरवू शकत नाहीत. ओल, ऊब आणि हवा मिळाली तर एक-दोन दिवसांत ती पिकतात. फिनाइल, फॉर्मेलिन, नेहमीची जंतुनाशकं यांना ती दाद देत नाहीत. कोरडेपणा, कडक उष्णता आणि अमोनियालाच घाबरतात. कोकणातल्या शेडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये तुसाची गादी कोरडी ठेवणं हे सोपं काम नाही, हे कबूल. तरी मूठभर तूस घट्ट दाबून पाहावं. गोळा तसाच राहिला तर ओल जास्त, हळूहळू सुटला तर ठीक. गळणारे निपल बदलायचे, पिल्लांच्या उंचीप्रमाणे लाइन रोज वर घ्यायची, पापडी धरलेली गादी फोडून काढून टाकायची, पडदे दिवसा उघडायचे. नुसता चुना भुरभुरून सुटका होत नाही.

तुमच्या लॉटला जुलाब लागले तर दुकानात फोन करण्याआधी डॉक्टरांना बोलवा आणि शेडवरच पाच-सहा पक्षी उघडून घ्या. निदान पटत नसेल तर पुण्याला औंधचा रोग अन्वेषण विभाग आहे. मुंबई, नागपूर आणि शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. नमुने ताजे, बर्फात ठेवून पाठवा, फ्रीजरमध्ये गोठवू नका. गोठलेल्या आतड्यातून तपासणाऱ्याला काही वाचता येत नाही. सोबत एक कागद जोडा: पक्ष्यांचं वय, रोजची मर, खाद्याची कंपनी आणि बॅच, पाण्याचा आकडा, आणि आजवर दिलेली सगळी औषधं तारखेसह. शेवटचं औषध दिल्यापासून विक्रीपर्यंत किती दिवस थांबायचं ते लेबलवर छापलेलं असतं. तेवढे दिवस हातात नसतील तर ते औषध देऊ नका.